काठी तिच्या हाती

प्रेमात पडलेला माणूस बघणाऱ्याला थोडासा हास्यास्पद दिसतो, ही गोष्ट आपल्या शहरी कवींच्या कानावर कोणी घातलेली दिसत नाही. ज्या भावगीतांवर आपली मध्यमवर्गीय घरे पोसली, त्यांतला नायक चांदण्यात उभा राहून उसासे टाकतो. त्याला कधी शिंक येत नाही, डास चावत नाही, आणि ऐन वेळी तिचा धाकटा भाऊ धावत येऊन "ताई, आई बोलावतेय" असे ओरडत नाही. प्रत्यक्षात ह्यांपैकी काहीतरी हटकून घडते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

खेड्यातल्या गाण्याला ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. तिथे पोरगा पोरीच्या मागे लागला की आधी हशा होतो, मग गाणे होते, आणि जमले तर शेवटी लग्न.

यवतमाळ जिल्हा म्हटले की बाहेरच्या वाचकाला कापूस आठवतो, आणि अलीकडे कापसाच्या मागून येणाऱ्या दुःखाच्या बातम्या. त्या खऱ्याच आहेत. पण ह्याच जिल्ह्यात माणसे ठरलेल्या दिवशी, तालावर, गाण्यातून एकमेकांची टर उडवतात, ही बातमी वर्तमानपत्रात सहसा छापून येत नाही. म्हणून हे पान तिला द्यावे असे मनात आले.

अंक दिवाळीचा, तेव्हा आरंभ दिवाळीनेच करू. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, केळापूर, झरी जामणी, मारेगाव ह्या बाजूला, जिथून पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो, तिथे गोंड आणि कोलाम लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांची दिवाळी म्हणजे दंडार. आपल्याकडे दिवाळीत पाहुणा डबा घेऊन येतो. तिकडे अख्खे गावच ढोल घेऊन पाहुणे येते! एका गावची दंडार दुसऱ्या गावी जाते, रात्रभर नाचते, जेवते, निरोप घेते. मग त्या गावच्या दंडारीने परतफेड करायची. नाचणाऱ्यांच्या हातात टिपऱ्या असतात, काही पोरे लुगडी नेसून बाईच्या वेषात असतात, आणि सर्वांच्या पुढे असतो घुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा हा भलामोठा टोप, अंगाला राख फासलेली, खांद्यावर कातडे, हातात काठी. पोरे त्याला भितात आणि त्याच्याच मागे धावतात. तो कुणाच्याही ओसरीवर चढेल, एखाद्या बुजुर्गाची खोडी काढेल. त्याला कोणी रागवायचे नाही, कारण त्या दिवसांत तो नुसता माणूस नसतो, त्याच्या अंगी देवाचा वास मानलेला असतो. देव आणि विदूषक एकाच टोपाखाली नांदतात. आदिलाबादकडचे कनक राजू ह्यांना ह्याच घुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे आमच्या शहरातल्या पुष्कळांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तो नाच वर्षानुवर्षे साठ-सत्तर मैलांवर चालू होता!

आता ह्यात प्रेमाचा भाग कोणता? तो सांगण्यापूर्वी गोंडांचा एक हिशेब समजून घेतला पाहिजे. त्यांच्यात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत. तुमचे देव जितके, तितकेच ज्याचे देव तो तुमचा भाऊ. त्याच्या घरची मुलगी तुमची बहीण. सोयरीक दुसऱ्या संख्येशीच व्हायची. दंडार सग्यासोयऱ्यांच्या गावी जाते, तेव्हा पाहुण्या पोरांच्या दृष्टीने अर्ध्या पोरी बहिणी आणि उरलेल्या अर्ध्या थट्टेच्या धनी. कुणाला चिडवायचे आणि कुणापुढे मान खाली घालायची, हे देवांच्या संख्येने आधीच ठरलेले! नाच पाहायला आलेल्या आयाबाया टिपऱ्यांकडे कमी आणि पोरांकडे जास्त बघत असतात. कोण मन लावून नाचतो, कोण नुसता मिरवतो, कोण जेवताना पानात टाकतो, सगळे पारखले जाते. आपल्याकडे 'मुलगा बघण्याचा' कार्यक्रम दिवाणखान्यात, दोन्ही पक्षांच्या घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत होतो. त्यापेक्षा ही रीत मला तरी बरी वाटते. निदान मुलाला नाचता येते की नाही एवढे तरी कळते.

थट्टेची ठराविक नाती असतात, हे विद्वानांनीही नोंदवून ठेवले आहे. रॅडक्लिफ-ब्राऊन नावाच्या इंग्रज पंडिताने १९४० साली ह्यावर एक निबंध लिहिला, तो मानववंशशास्त्राच्या वर्गात अजून वाचतात. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या माणसाशी जवळीकही होऊ शकते आणि भांडणही, त्याच्याशी समाज थट्टा करायला लावतो, म्हणजे दोन्ही गोष्टी आटोक्यात राहतात. आमच्याकडच्या दिराला आणि भावजयीला हे निबंध न वाचताच ठाऊक होते.

आणि पांढरपेशांनी नाक मुरडायचे कारण नाही. विदर्भातल्या वाचक भगिनींनो, तुम्ही भुलाबाई मांडली होती ना? भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघर फिरून गाणी म्हटली होती ना, आणि शेवटी डबा हलवून आत कोणता खाऊ आहे तो ओळखला होता ना? त्या भुलाबाईची कथा काय आहे? शंकर-पार्वती सारीपाट खेळले, शंकर हरले आणि रुसून रानात निघून गेले. मग पार्वती भिल्लिणीचे रूप घेऊन त्यांच्या मागे गेली, आणि महादेव तिला भुलले. म्हणून ती भुलाबाई, आणि तो भुलोजी. म्हणजे खेळात हरून रुसलेला नवरा, त्याच्या मागावर निघालेली बायको, आणि आपल्याच बायकोवर परस्त्री समजून भाळलेला देव! एखाद्या प्रहसनकाराला ह्याहून अधिक काय हवे? पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला हत्तीभोवती फेर धरतो. आमच्या मुली ह्या जोडप्याभोवती गातात. सोवळ्या घरांतून हे सारे चालत आले, कारण ते 'मुलींचे खेळ' ह्या नावाखाली मोडत असे.

पण पाठलाग आणि विनोद ह्यांची खरी जत्रा पाहायची असेल तर पुसद, दिग्रस, दारव्हा ह्या बाजूला बंजाऱ्यांच्या तांड्यावर होळीला गेले पाहिजे. हे लोक एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. रेल्वे आली, पक्क्या सडका झाल्या, आणि तो धंदा बुडाला. वर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा जो शिक्का मारायला सुरुवात केली, त्यातून हेही सुटले नाहीत. तो कायदा १९५२ साली गेला. बैल थांबले, तांडे वसले, पण भाषा आणि गाणी त्यांनी उतरवून ठेवली नाहीत. त्यांच्या बोलीला गोरबोली म्हणतात. तिला स्वतःची लिपी नाही, आणि जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजली जाते. तिच्यातल्या होळीच्या गाण्याचे नाव लेंगी.

होळीच्या आधी कित्येक रात्री लेंगी चालते. डफ वाजू लागला की पुरुषांचा एक फेर आणि बायकांचा दुसरा. गाणे एका बाजूने उचलायचे आणि दुसऱ्या बाजूने परतवायचे. होळी आपल्यासारखी रात्री पेटत नाही. नायकाची परवानगी घेऊन ती पहाटे पेटवतात. ह्या सणात कामकरी म्हणून नेमलेल्या अविवाहित तरुणांना गेरिया म्हणतात, आणि त्यांच्याशी सामना देणाऱ्या बायका त्या गेरणी. वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला असेल त्या घरी धुंडाचा विधी होतो, गेरिये तिथे जाऊन गातात. (मुलगी जन्मली तर धुंड नाही. गाण्यात बरोबरी आणि पाळण्याशी पंक्तिभेद, हा दोष केवळ तांड्याचा नाही, म्हणून इथे नुसता नोंदवून पुढे जातो.) मग गोडधोडाने भरलेली भांडी खुंटाला बांधून ठेवतात. बायका हातात काठ्या घेऊन भोवती उभ्या राहतात, आणि पुरुषांनी ती भांडी पळवायची. काठ्या लुटुपुटूच्या नसतात. मी एका गेरियाला दुसऱ्या दिवशी पाठ शेकताना पाहिला आहे. तो अतिशय खुशीत होता.

काही वर्षांपूर्वी दिग्रसजवळच्या एका तांड्यावर अशा रात्री बसण्याचा योग आला. माझ्या शेजारी बसलेले एक शिक्षक मला कानात अर्थ सांगत होते. पुरुषांच्या फेरातून एका तरण्याबांड गड्याने चढ्या आवाजात सुरू केले: त्याने नवी मोटारसायकल घेतली आहे, लाल रंगाची, आणि तिच्या मागच्या बैठकीवर बसायला फक्त एकच जण कमी आहे. बायकांचा फेर दोन पावले मागे सरला, कुजबुज झाली, आणि पन्नाशीच्या एका बाईने उत्तर दिले: गाडी लाल आहे हे खरे, पण तिचे हप्ते अजून बँकेत फिटायचे आहेत, मागे बसले तर बँकेचा माणूस गाडीबरोबर मलाही उचलून नेईल! सगळा तांडा लोटपोट. गड्याने हार मानली नाही. त्याने गायले की हप्ते कापूस विकून फेडीन. उत्तर आले की कापूस तर तुझ्या बापाने आधीच विकून खाल्ला. मग बापही हसला, कारण तो पुढच्याच रांगेत बसला होता.

मला त्या रात्री नवल वाटले ते ह्याचे की, ज्या मुलीला उद्देशून गाणे चालले होते ती कोण, हे अखेरपर्यंत बाहेरच्याला कळले नाही. ती त्या घोळक्यात कुठेतरी फेटिया सावरत, कांचळीवरचे आरसे चमकवत नाचत होती. तिच्या वतीने तिची चुलती बोलत होती, मावशी बोलत होती, भावजय बोलत होती. पोराची हौस फिटली, त्याची जिरलीही, आणि पोरीच्या नावाला डाग नाही. एवढी सोय शहरात कुठे आहे?

लग्नातही हेच. पूर्वी नवरदेव वधूच्या तांड्यावर पुष्कळ दिवस मुक्काम ठोकून असे, आणि तितके दिवस मेव्हण्या गाऊन गाऊन त्याला सळो की पळो करून सोडीत. वधू मात्र निरोपाच्या वेळी ढावलो गाते. ते रडण्याचे गाणे. त्यात थट्टेचा लवलेश नाही. एकाच मांडवात दोन्ही असतात.

ह्याच मुलखातली एक खरी प्रेमकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यावर जन्मलेला एक मुलगा नागपूरला शिकला, वकील झाला, आणि तिथल्या घाटे घराण्यातल्या, ब्राह्मण कुळातल्या वत्सलाबाईंशी त्याने १९४१ साली लग्न केले. त्या काळी हे धाडस म्हणजे केवढे! हा वकील म्हणजे वसंतराव नाईक. पुढे डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. राजकारणाच्या पुस्तकांत हे लग्न एका ओळीत उरकतात. मला मात्र नेहमी वाटत आले आहे की, लेंगीच्या गावात वाढलेल्या माणसाला नकाराची आणि चेष्टेची भीती आपल्यापेक्षा कमी वाटत असावी.

आता थोडे समुद्रापलीकडे. माझी एक भाची काही वर्षे ब्राझीलमध्ये साओ पाऊलोला होती. तिने जून महिन्यातल्या एका सणाची चित्रफीत पाठवली, आणि मी ती तीनदा पाहिली. तिकडे जूनमध्ये संत अंतोनियो, संत योहान आणि संत पेत्रुस ह्यांचे दिवस येतात. १३ जूनचा संत अंतोनियो हा लग्ने जुळवणारा संत. लग्न न जमलेल्या मुली त्याची मूर्ती उलटी टांगून त्याला धमकावतात म्हणे. शेकोट्या पेटतात, आणि शहरातले लोकसुद्धा ठिगळांचे कपडे आणि गवती टोप्या घालून खेडवळ बनतात. मग लुटुपुटूचे लग्न लागते. नवरी बहुधा पोट बांधून आलेली, नवरा पळायच्या बेतात, नवरीचा बाप बंदूक घेऊन मागे, फौजदार दाराशी, आणि पाद्री घाईत. नवरा पळतो, त्याला धरून आणतात, पुन्हा पळतो, पुन्हा आणतात. शेवटी लग्न लागते आणि सगळे नाचतात.

त्यांच्या खेडवळ गाण्याला काइपिरा म्हणतात. पाच जोड्यांत दहा तारा असलेली व्हिओला हे त्याचे वाद्य, आणि दोन गायकांनी एकमेकांच्या सुराला सूर लावून गायचे ही त्याची रीत. त्या गाण्याच्या तबकड्या निघाव्यात म्हणून कोर्नेलियो पिरेस नावाचा एक लेखक कोलंबिया कंपनीकडे गेला. कंपनीला ते गाणे विकले जाईल असा भरवसा नव्हता. गड्याने १९२९ साली पदरच्या पैशाने तबकड्या काढून घेतल्या, आणि त्यांत गाण्यांबरोबर खेडवळ विनोदी किस्सेही भरले. त्या हातोहात खपल्या. पुढे त्याच वंशात गिटार आणि विजेची वाद्ये शिरली, आणि २०११ साली मिशेल तेलो नावाच्या गायकाने नाचाच्या रात्री मुलीमागे लागलेल्या पोराचे जे गाणे म्हटले, ते आपल्याकडच्या वरातींपर्यंत येऊन पोचले. ते गाणे मी ऐकले. चाल झकास आहे. पण त्यात पोरगा बोलतो आणि पोरगी काही बोलत नाही. शेकोटीशेजारच्या त्या खोट्या लग्नात नवरीच्या बाजूने निदान एक बंदूक तरी होती.

हीच गोष्ट मला आपल्याकडेही खुपते. आपली शृंगारिक लावणी घ्या. तिच्यात बाई बोलते, चांगली ठसक्यात बोलते, पण तिचे शब्द रामजोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ ह्या पुरुषांनी लिहिलेले. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'तली लावणी घराघरांत गेली, ती ग. दि. माडगूळकरांची, १९७३ साली आमच्या यवतमाळला साहित्य संमेलन भरले तेव्हा तेच अध्यक्ष होते. त्यांच्या लेखणीला मी काय तोल देणार? तरी सांगतो की, दिग्रसजवळच्या त्या बाईने बँकेच्या हप्त्याचे जे उत्तर दिले, ते तिला कोणी लिहून दिले नव्हते.

जिल्ह्याच्या गावी महाविद्यालय सुटण्याच्या वेळेला जरा उभे राहून पाहा. दोघे-तिघे मोटारसायकलवर, खिशातल्या मोबाईलमधून मोठ्याने सिनेमाचे गाणे, आणि समोरून मान खाली घालून जाणारी मुलगी. हाही पाठलागच, हेही गाणेच, आणि पोरांना वाटते की हाही विनोदच. मात्र इथे तिचा फेर नाही, चुलती नाही, परतवायची ओळ नाही. तिने उलट बोलायचे म्हटले तर "उद्धट आहे" म्हणून गावभर होते, आणि घरी सांगितले तर शिक्षण बंद. २०१३ साली मुलीचा पाठलाग करणे हा दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा म्हणून घातला गेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो ७८ व्या कलमात आहे. कायदा हवाच होता. पण काठी पोलिसठाण्यात ठेवलेली आणि मुलगी रस्त्यावर, हे अंतर बरेच आहे.

आणि गंमत अशी की, ज्या तांड्यांवर ती काठी बाईच्या हातात होती, तिथेही आता ती खाली ठेवली जाऊ लागली आहे. शिकलेल्या घरांतून लेंगी 'गावंढळ' ठरते. मुलीला परीक्षा आहे, तिने रात्री फेरात जायचे नाही, असे आईच सांगते. तिचेही चूक म्हणवत नाही. होळीला मोठाले कर्णे लावून तयार गाणी वाजतात, त्यांवर पोरे नाचतात, आणि बायका ओट्यावर बसून बघतात. तयार गाण्याला उत्तर कसे देणार? ते थांबतच नाही. कुठे कुठे लेंगीच्या स्पर्धा भरतात, बक्षिसे वाटतात; तिथे सगळे पाठ करून येतात आणि समोर परीक्षक असतो. परीक्षकासमोर कोण कुणाच्या बापाचा कापूस काढणार?

दिग्रसजवळच्या त्याच तांड्यावर मी पुन्हा एकदा दुपारच्या वेळी गेलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या एका आजीला म्हटले, तुमच्या तरुणपणची एखादी सगळ्यात खट्याळ लेंगी सांगा. तिने डोक्यावरची टुकरी पुढे ओढली, दोन ओळी पुटपुटली, आणि एकटीच इतकी हसली की डोळ्यांना पाणी आले. मी अर्थ विचारला. तिने मराठीत सांगायचा दोनदा प्रयत्न केला, आणि म्हणाली, "भाऊ, याले मराठीत हासू येत नाई."

तिची नात बारावीला होती, यवतमाळला वसतिगृहात राहून शिकणारी, सुटीत आलेली. ती दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही अर्थ अर्धाच लागला असावा, कारण तिने विचारले, "दादी, मंग तिनं काय म्हटलं त्याले?" आणि मोबाईल काढून समोर धरला. म्हातारीने आधी तो बंद करायला लावला, मला बाहेर बाजेवर बसायला सांगितले, आणि मग नातीला जवळ ओढून हळू आवाजात पुढची ओळ म्हटली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.